काढणारा एक, वाचणारा दुसरा
"पाच वाजेपर्यंत राहू दे ना गं सगळं. शेवटचाच तर दिवस आहे." साहेब तिच्या टेबलाला टेकून उभे होते. ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळायची, सोडायची, असा चाळा चालला होता.

तिने घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा.

"आदेश बाराचा आहे, साहेब."

"अगं, आदेशाचं काय सांगतेस? कालपर्यंत मीच काढत होतो आदेश."

"म्हणूनच मोडवत नाही," ती म्हणाली.

ऑफिसात तिला कुलूपबाई म्हणत. नऊ डायलिसिस केंद्रांची माहिती ही कंपनी सांभाळायची. कुठल्या पेशंटला कधी यंत्रावर घ्यायचं, किती तास, कुठली औषधं, हे सगळं दूरच्या भाड्याच्या संगणकांवर, लोक ज्याला क्लाउड म्हणतात तिथे, तक्त्यांमध्ये ठेवलेलं असे. प्रत्येक तक्त्याला एक पॉलिसी जोडलेली असायची. कोणी वाचायचं, कोणी लिहायचं, कोणी फिरकायचंही नाही, हे तीत लिहिलेलं. पॉलिसी लावणं आणि काढणं हेच तिचं काम, आणि त्यासाठी लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, घेऊन तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याला तक्त्याचा पत्ता द्यायचा, पॉलिसीचा आवृत्ती-क्रमांक द्यायचा आणि काढायला सांगायचं. मध्ये कुणी पॉलिसी बदलली असेल तर क्रमांक जुळत नसे आणि हुकूम परत येई. क्रमांकाची जागा रिकामी सोडली तरी काम व्हायचं; मग काही न तपासता पॉलिसी उडायची. सोळा वर्षांत तिने ती जागा एकदाही रिकामी सोडली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी उपचारपत्रकांच्या तक्त्याची अख्खी पॉलिसी उडाली. एका बंद पडलेल्या केंद्राचं नाव तेवढं गाळायचं होतं, पण सगळ्यांचीच नावं गेली. सुरू असलेल्या नऊ केंद्रांना सहा तास काहीच वाचता येईना. पत्रक दिसल्याशिवाय यंत्र लावायचं कसं? लोकांना घरी पाठवलं. चार नंबरच्या केंद्रावर तिचे वडीलही खुर्चीत बसून होते. ते निवृत्त कंपाउंडर. चाळीस वर्षांत एकाच्याही हाती चुकीची बाटली दिली नाही, असं लोक सांगत. दुपारी ते घरी आले, चप्पल न काढताच दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तिथे म्हणत होते, तुझ्या हातून झालं."

"नाही, बाबा."

"बरं."

एवढंच. त्या "बरं"वर तिने पुढे कितीतरी रात्री कूस बदलली.

चौकशीत साहेबांनी सांगितलं, की काम त्यांनी तिला तोंडी सोपवलं होतं. ती ओरडून सांगत होती, की मी क्रमांक भरल्याशिवाय काढतच नाही, नोंदवही उघडा. कोणत्या हुकुमावर कोणाची किल्ली, म्हणजे कोणाचं लॉगिन, चालली हे त्या नोंदवहीत आपोआप उतरत असे. पण नोंदवहीच्या तक्त्यालाही पॉलिसी होती आणि तीत एकच नाव होतं: साहेबांचं. त्यांनी ती उघडली नाही. तिची बढती गेली. नऊही केंद्रांनी तिच्याविरुद्ध सह्या करून पत्र पाठवलं. आणि साहेबांनी नवा नियम लावला: काढणारा एक, वाचणारा दुसरा. म्हणजे पॉलिसी काढताना शेजारी कुणीतरी बसून पडद्यावरचं मोठ्याने वाचायचं. नियम सगळ्यांना होता, पण काढणारी ती एकटीच. तीन वर्षं तिच्या शेजारी कुणी ना कुणी बसलं, लहान मुलाला पाढे म्हणायला लावावेत तसं.

चौकशीनंतर वर्षाच्या आत वडील गेले. शेवटचे आठ महिने ते केंद्रावर मुलीच्या नोकरीबद्दल चकार शब्द काढत नसत, हे तिला तिथल्या नर्सकडून नंतर कळलं.

आता साहेबांना एका मोठ्या हॉस्पिटलने बोलावलं होतं, सगळ्या संगणक विभागाचं प्रमुख म्हणून. नव्या मॅडमनी तिला काम दिलं: सात तक्त्यांवरून साहेबांचं नाव काढा, आणि शेवटचं कुठे काय वापरलंय ते पाहूनच काढा. त्यासाठी कालपासून तिला नोंदवही वाचायची वेगळी परवानगी मिळाली होती.

काल ती वाचून झाल्यावर तिने बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. परत जागेवर येऊन बसली आणि कुणाला एक अक्षर बोलली नाही. एवढी वर्षं थांबली होती, एक दिवस आणखी.

"बसा साहेब," तिने शेजारची खुर्ची ओढली. "आज वाचणारं कुणी नाही. सगळे हॉलमध्ये तुमच्या निरोपाच्या चहाची तयारी करतायत."

"मी वाचू? माझंच?"

"नियम तुमचाच आहे."

ते हसले. त्यांना ती गंमत वाटली. बसले, चष्मा लावला.

पहिला तक्ता यंत्रांच्या देखभालीचा, त्याच्या पॉलिसीत एकटं साहेबांचंच नाव. साहेबांनी पत्ता वाचला, क्रमांक वाचला. तिने भरला, बटण दाबलं. पुन्हा पाहिलं तर पॉलिसी अजून दिसतच होती.

"राहिली की!" साहेब म्हणाले.

"गेलेली असते. कळायला जरा वेळ लागतो, साहेब."

दहा सेकंदांनी ती जागा रिकामी दिसली. दुसरा तक्ता, तिसरा, चौथा. ती घाई करत नव्हती. एका ओळीत सातही उरकता आले असते, पण ती एकेक घेत होती, आणि प्रत्येक वेळी स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने वाचताना साहेबांचा आवाज किंचित खाली येत होता. त्यांचा खाली गेलेला प्रत्येक सूर तिला गोड लागत होता.

"जरा थांबतेस?" पाचव्याला ते म्हणाले. "मला काही फाइली न्यायच्यात. माझंच काम आहे ते."

"कंपनीचं आहे."

"अगं, दोन मिनिटं."

"मीही मागितली होती दोन मिनिटं. चौकशीच्या खोलीबाहेर. तुम्ही म्हणालात, आता उशीर झाला."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पाचवा गेला. सहावा उपचारपत्रकांचा होता.

"काढ," ते म्हणाले.

"इथे काढायचं नाही, साहेब. वाचा ना नीट. या पॉलिसीत नऊ केंद्रांची नावंही आहेत. फक्त तुमचं गाळून बाकीची पुन्हा ठेवायची. अख्खी उडवली तर काय होतं, तुम्हाला ठाऊकच आहे."

 तिने नवी पॉलिसी लिहिली, नऊ नावं एकेक करून त्यांच्याकडून वाचून घेतली. चार नंबरचं दोनदा.

सातवा तक्ता नोंदवहीचा. पॉलिसी काढण्याआधी तिने तीन वर्षांपूर्वीची ती तारीख उघडली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

"वाचा."

"हे कशाला आता..."

"वाचणारे तुम्ही आहात. मोठ्याने."

त्यांनी मनातच वाचलं. मग मोठ्याने तिनेच वाचलं. सकाळी दहा वाजून बारा मिनिटं. हुकूम: पॉलिसी काढणे. तक्ता: उपचारपत्रकं. आवृत्ती-क्रमांक: रिकामा. किल्ली कोणाची, ते वाचताना तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"हे बघा," साहेब म्हणाले. सोळा वर्षांत पहिल्यांदा तिला अहोजाहो केलं होतं. "तुमचं नुकसान झालं, मला मान्य आहे. पण त्या दिवशी मी घाबरलो. मला घर होतं, मुलगी शिकत होती."

"मला बाप होता."

"मी तिथे अजून रुजूही झालो नाही. हे बाहेर गेलं तर ते मला घेणार नाहीत. तुम्हाला काय मिळणार त्यातून?"

तिने खरंच विचार केला. "काही नाही," ती म्हणाली. "पण तुम्हाला मिळायचं ते तरी मिळेल."

तिने सातव्याचा क्रमांक भरला, पॉलिसी काढली. मग काम संपल्याची चिठ्ठी लिहिली: साहेबांचं नाव सातही ठिकाणांहून काढलं, तपासणीत आढळलेली जुनी नोंद सोबत जोडली आहे. चिठ्ठी मॅडमना गेली, चौकशी समितीला गेली, आणि सह्या करणाऱ्या नऊ केंद्रांना. बाराला चार मिनिटं कमी होती.

साहेब उठले तेव्हा हॉलमधून कुणीतरी हाक मारत होतं. ते तिकडे गेले. पाचेक मिनिटांत हॉलमधला गलका थांबला, आणि मग काचेपलीकडून तिला ते एकटेच दाराकडे जाताना दिसले. दारावरच्या माणसाने ओळखपत्रासाठी हात पुढे केला, तेव्हा ओळखपत्राची दोरी त्यांच्या बोटातून चटकन सुटेना.

मॅडम आल्या. "हे तू आधी का नाही दाखवलंस?"

"सांगितलं होतं, मॅडम. दाखवायला वाचायची परवानगी लागते."

"त्या हॉस्पिटललाही कळवावं लागेल."

"कळवा," ती म्हणाली. आवाज जराही हलला नाही, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

संध्याकाळी ती घरी पोहोचली तेव्हा आई वाळलेले कपडे पलंगावर टाकून बसली होती. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: साहेबांनी कसं वाचलं, तोंड कसं उतरलं, नऊ केंद्रांना पत्र कसं गेलं. चार नंबरच्या नर्सचा फोनही आला होता. फोनवर नर्स रडत होती.

आई ऐकत होती. हातातला मोजा तसाच राहिला.

"म्हणजे तुझ्या हातून नव्हतंच."

"तूही?"

"मी कधी म्हटलं तसं?" आई म्हणाली. मग मोजा खाली ठेवून म्हणाली, "चांगली जिरवलीस त्याची. पण आता ह्यांना कोण सांगणार?"

 आईने चादर उचलली आणि एक टोक तिच्या हातात दिलं. दोघींनी ती ताणून धरली, मधोमध दुमडली, कोपऱ्याला कोपरा नीट जुळवला.