माळ्यावरची पँट, मिरकरवाड्याचं जाकीट

"रत्नागिरीत दोनच गोष्टी मिळतात," देवदत्तदादा म्हणाला, "आंबे आणि नकार. त्यातले आंबे फक्त दोन महिने."

देवदत्तदादा माझा चुलतभाऊ. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि दिवाळीला आमच्या गावी, पावसला, घरी आला की ओटीवर बसून आम्हाला सुधारतो. एरवी मी त्याच्याशी भांडले असते. पण त्या दिवशी मला त्याचं पटलं, कारण मी नुकतीच रत्नागिरीतली दुकानं पालथी घालून हात हलवत परत आले होते.

मला हवं होतं बर्फात घालायचं सामान. जानेवारीत औलीला स्कीइंगचा कोर्स होता आणि रत्नागिरीतल्या आमच्या शाळेतून माझी निवड झाली होती. पायाला बांधायच्या पट्ट्या, बूट, काठ्या, गॉगल हे सगळं तिकडेच देणार होते. जाकीट, पाणी न शिरणारी पँट आणि हातमोजे मात्र आपले आपण न्यायचे. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मुंबईहून कोर्सच्या सबनीस मॅडम येऊन प्रत्येकाचं सामान बघणार होत्या. ज्याचं सामान नापास, तो घरी, आणि त्याची जागा मागे थांबलेल्याला. मागे थांबलेले बरेच होते, आणि मला भेटले की ते सगळे फार प्रेमाने विचारायचे, "मिळालं का गं सामान?"

बाबांना हे सगळंच खूळ वाटत होतं. "बर्फ बघायला हिमालय कशाला हवा," ते कलमांना खत घालता घालता म्हणाले. "मिरकरवाड्याच्या जेटीवर जा. लाद्याच्या लाद्या पडलेल्या असतात."

"त्यावरून घसरता येत नाही, बाबा."

"येतं की. तिथल्या मच्छीमार गाबतांना विचार."

तर दुकानं. पहिलं खेळाच्या सामानाचं. मी बर्फातले हातमोजे मागितले, तर त्या काकांनी विकेटकीपरचे ग्लोव्ह्ज काढून काउंटरवर आपटले.

"यात बॉल बसला तरी काही होत नाही."

"काका, बॉल नाही. बर्फ."

"मग बॉलने होत नाही ते बर्फाने काय होणार?"

मी ग्लोव्ह्ज परत सरकवले. दुसरं दुकान तयार कपड्यांचं. तिथे मला बिनबाह्यांचा स्वेटर दाखवला आणि सांगितलं की महाबळेश्वरला जाणारी नवी जोडपी हाच नेतात, अजून एकाचीही तक्रार नाही. नवी जोडपी स्वेटरची तक्रार करायला रत्नागिरीपर्यंत येतील, असं त्यांना का वाटत होतं ते देव जाणे.

तिसरं दुकान राम आळीतल्या महिपतशेठचं. त्यांच्याकडे माझी खरी आशा होती. पावसाळ्यात बागेतली माणसं घालतात ती आतून रबर लावलेली जाड पँट त्यांच्याचकडे मिळते आणि तिच्यातून पाण्याचा थेंब आत जात नाही, हे मला पक्कं माहीत होतं. महिपतशेठ पेपर वाचत होते.

"मिळेल की," पेपरमधून आवाज आला. "मे महिन्यात ये."

"मला आत्ता हवी आहे."

"आत्ता माल माळ्यावर."

"माळा कुठे आहे?"

त्यांनी पेपरचं टोक वर केलं. माळा बरोबर त्यांच्या डोक्यावर होता. प्लास्टिकचे गठ्ठे खाली डोकावत होते.

"मग काढा ना."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. देवळात चप्पल घालून शिरलेल्या माणसाकडे बघावं तसं. "दसऱ्याला वर गेलेला माल मिरग जवळ आल्याशिवाय खाली येत नाही."

"का?"

"का म्हणजे? पाऊस कुठे आहे?"

गेल्या वर्षापासून मला एक शोध लागलाय. मोठ्या माणसांकडे उत्तर नसलं की ती प्रश्नच परत देतात. पण एक वाजला होता, महिपतशेठ अर्धं शटर ओढून जेवायला निघाले होते, आणि चार वाजेपर्यंत राम आळीत गिऱ्हाईक ही जातच अस्तित्वात नसते.

म्हणून दादाचं पटलं. दुसऱ्याच दिवशी तो मला गोखले नाक्यावरच्या सायबर कॅफेत घेऊन गेला. पडद्यावर एका लाल जाकिटाचा फोटो वरून खाली हळूहळू उतरत होता. आधी टोपी, मग कॉलर, मग बराच वेळ काहीच नाही. कंबर आली तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. खरंच सुंदर होतं ते. सोबत काळे हातमोजे आणि पँट.

"आणि आवडलं नाही तर परत करता येतं," दादा म्हणाला. "तुमचा महिपतशेठ देतो का ही सोय?"

मग त्याने स्वतःचं कार्ड, स्वतःचं नाव आणि स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. आमच्या घरचा फोन त्याला गावठी वाटला असणार. पत्त्याशी मात्र गाडी अडली. आमचा पत्ता म्हणजे श्याम बेहेरे, मुक्काम पोस्ट पावस. एवढ्यावर बाबांना मस्कतहून आलेलं पत्रसुद्धा मिळालंय. कॉम्प्युटरला ते पुरेना. त्याला घराचा नंबर आणि रस्त्याचं नाव हवंच होतं, नाहीतर तो पुढे जाईना. दादाने टाइप केलं, चौदा, मेन रोड.

"आपल्याकडे मेन रोड कुठे आहे?"

"रस्ता एकच आहे ना? मग तोच मेन."

"आणि चौदा?"

"काहीतरी घालावं लागतं गं. तो काय घरं मोजत येणार आहे?"

नंतर तो पुण्याला गेला आणि मी वाट बघू लागले. डिसेंबरात त्याचा फोन आला, पार्सल रत्नागिरीला पोचलं. मग आला, आज तुमच्याकडे येणार. मी शाळेतून धावत स्टँडवर, एसटीने घरी, ओटीवर बसून राहिले. कोणी आलं नाही. पुढचा फोन दोन दिवसांनी, आणि त्यात दादाचा आवाज पहिल्यांदाच जरा बारीक होता. पार्सल परत पाठवलं होतं.

काय झालं ते मला पावसच्या स्टँडवरच्या चहावाल्या सदूने सांगितलं, आणि वर अभिमानाने सांगितलं. कुरियरवाला नवा होता, कोल्हापूरकडचा. त्याने चौदा नंबर मेन रोड विचारलं.

"मी म्हटलं, बाबा रे, इथे नंबर आंब्याच्या पेट्यांना असतात, घरांना नसतात. मग त्याने नाव वाचलं. देवदत्त बेहेरे. मी म्हटलं, तो होय, तो पुण्याला असतो. थँक्यू म्हणून गेला बिचारा."

"सदूकाका, पण ते माझं होतं."

"तुझं नाव कुठे होतं त्यावर? मी खोटं कशाला सांगू?"

तर देवदत्तदादाची परत करायची सोय इतकी उत्तम निघाली की वस्तू आमच्याकडे यायच्या आधीच परत गेली. कुरियरवाल्याने त्याला दोनदा फोनही केला होता. अनोळखी नंबर उचलायची पद्धत त्यांच्या कंपनीत नाही.

"पुन्हा मागवू," दादा फोनवर म्हणाला. "या वेळी आठ-दहा दिवसांत येईल."

रविवार तीन दिवसांवर होता. बाबा म्हणाले, जाऊ दे, पुढल्या वर्षी जा. पुढल्या वर्षी माझी दहावी. दहावीच्या मुलीला आमच्याकडे अंगणातसुद्धा विचारून जावं लागतं. आता गेले नाही तर मी कधीच जाणार नव्हते. नंतर लग्न झालेल्या बाया कुठेतरी बर्फाचे गोळे फेकत फोटो काढतात, तेवढा बर्फ माझ्या वाट्याला उरणार होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी महिपतशेठकडे गेले. पेपर तोच नसेल, पण बसणं तेच.

"मे महिन्यात ये म्हटलं ना गो तुला."

"शिडी कुठे आहे?"

"वर चढायला माणूस नाही माझ्याकडे."

"मी आहे."

"पडशील."

"पडले तर रेनकोटांवर पडेन."

शिडी मागच्या दाराशी होती. मी दप्तर त्यांच्या गादीवर ठेवलं आणि चढले. वर धूळ, झुरळं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. तिसरा गठ्ठा पँटचा निघाला. खालून महिपतशेठ ओरडत होते की वरचा माल विस्कटू नको, आणि मी वरून विचारत होते की लहान साइज कुठल्या बाजूला. शेवटी ते चक्क उठले, पेपर बाजूला ठेवला आणि शिडी धरून उभे राहिले. खाली आले तेव्हा माझा पांढरा युनिफॉर्म काळा झाला होता.

"डिसेंबरात रेनकोटची पँट," ते कागदात गुंडाळताना पुटपुटले. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, महिपतशेठ उभे राहिले."

पँट झाली. जाकीट आणि हातमोजे राहिले. आणि तेव्हा मला बाबांची टिंगल आठवली. लाद्याच्या लाद्या. त्या लाद्यांशी रोज ज्यांची गाठ पडते, ती माणसं अंगात काय घालतात?

शनिवारी शाळा बुडवून मी मिरकरवाड्याला गेले. जेटीवर बर्फ होता, पण तो वाहणारी माणसं उघडी होती, खांद्यावर फक्त गोणपाट. बाबांच्या अकलेबद्दल माझं मत आणखी खाली आलं. तेवढ्यात एक टेम्पो थांबला आणि त्यातून मासळीच्या फॅक्टरीतल्या बायका उतरल्या. भर उन्हात प्रत्येकीच्या हातावर जाडजूड निळं जाकीट. मी धावलेच.

"मावशी, हे कशाला?"

"कोल्ड स्टोरेजात जायला. आत हाडं फुटतात."

"कुठे मिळतं?"

"सुरय्याकडे. ती काय, दोरांचं दुकान."

सुरय्याबानूंचं दुकान दोऱ्या, जाळी, गमबूट यांनी भरलेलं होतं. त्यांचे यजमान वजीरभाई कुवेतला, दुकान त्या एकट्या बघतात. मी निळं जाकीट मागितल्यावर त्यांनी मला बुटापासून रिबिनीपर्यंत पाहून घेतलं.

"फॅक्टरीत लागलीस?"

"नाही. बर्फात घसरायला जायचंय. हिमालयात."

"मुद्दाम?"

"हो."

"आणि तिकडे जायला पैसे ते देतात की तू?"

"आम्ही."

त्यांनी कपाळावर हात मारला नाही, पण मारल्यासारखा चेहरा केला. "आमच्या बाया बर्फात शिरायचे पैसे घेतात गो." मग त्यांनी माझ्या अंगावर जाकीट चढवलं आणि चेन माझ्या हनुवटीपर्यंत ओढली. हातात आतून लोकर, बाहेरून रबर असे मोजे कोंबले. "आता शेजारी बर्फाच्या कारखान्यात जा, माझं नाव सांग, लादीला मिठी मार. थंडी वाजली तर घेऊ नको. वाजली नाही तर घे. एकदा नेलंस की मी परत घेणार नाही, आधीच सांगते."

मला त्या बाई एकदम आवडल्या. रत्नागिरीतलं हे पहिलं दुकान होतं जिथे दुकानदार माझ्याकडे बघून बोलत होता.

मी लादीला मिठी मारली. कारखान्यातली माणसं काम सोडून बघत राहिली. माझं नाक गार पडलं, बाकी काही नाही.

घरी आईने जाकीट दारातच अडवलं. आमच्याकडे मासा घरात येत नाही, आणि हे जाकीट कोरं असलं तरी सुक्या बोंबलांच्या शेजारी वाढलेलं होतं. ते रात्रभर विहिरीजवळच्या दोरीवर लटकलं आणि सकाळी आमचा कुत्रा त्याच्याखाली हात जोडल्यासारखा बसला होता.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांनी आपापलं सामान मांडलं. मुंबई-पुण्याहून मागवलेली जाकिटं, गुलाबी, जांभळी, खिशांवर चंदेरी नावं. माझं निळं, कोल्ड स्टोरेजचं. माझ्या दोन्ही बाजूंची मुलं हळूच सरकली. मला ऐसपैस जागा मिळाली.

सबनीस मॅडम उंच, उन्हाने रापलेल्या. माझ्यापाशी आल्यावर त्यांचं नाक हललं.

"हा कसला वास?"

"बांगड्याचा असेल, मॅडम. किंवा बोंबलांचा. मला फरक कळत नाही."

मागे कोणीतरी खिदळलं. मॅडम खिदळल्या नाहीत. त्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि प्रत्येकाच्या जाकिटावर थोडं थोडं पाणी ओतत गेल्या. खिशावर चंदेरी नाव असलेल्या एका जाकिटाने पाणी प्यायलं, अगदी तहानलेल्यासारखं. त्याचा मालक रडवेला झाला. मॅडमनी जाकिटाची कॉलर उलटली, आतली चिठ्ठी वाचली आणि मोठ्याने म्हणाल्या, "पाण्यात भिजवू नये. बरं."

माझ्या जाकिटावरून पाणी घरंगळलं आणि माझ्या चपलेत गेलं. मग त्यांनी पँट उलटी केली, आतलं रबर अंगठ्याने घासलं, मोज्यात हात घालून मूठ वळली.

"कुठून घेतलंस?"

"पँट माळ्यावरून. बाकीचं मिरकरवाड्यातून."

"दिसायला भयंकर आहे," मॅडम म्हणाल्या. "चालेल. आणि तिकडे तुला शोधायला सोपं जाईल, दिसली नाहीस तरी." त्यांनी माझ्या नावापुढे खूण केली.

संध्याकाळी फोन वाजला. देवदत्तदादा. आवाज पुन्हा पूर्वीसारखा भरदार.

"अगं, परत जाणारं पार्सल मी पुण्यात वळवून घेतलं. रात्रीच्या एसटीने पाठवू का? लाल रंग काय सुंदर आहे."

"कॉलरच्या आत काय लिहिलंय बघ."

कागद कुरकुरल्याचा आवाज आला. मग त्या कॅफेतल्या फोटोसारखा एकेक शब्द हळूहळू उतरला, "पाण्यात... भिजवू... नये."

"दादा, तूच घाल," मी म्हटलं. "पुण्यात थंडी असते ना. फक्त पाऊस आला की काढून ठेव."