पत्रा, नग एक

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. मित्रांनो, पाटीला साधारणपणे एक तोंड असतं आणि एक पाठ असते. मला दोन तोंडं आहेत. माणसाला असं म्हटलं की तो चिडतो. मी चिडत नाही, कारण माझ्या बाबतीत ते खरंच आहे आणि दोन्ही तोंडं मला दुसऱ्यांनीच दिलेली आहेत.

सध्या माझा मुक्काम एका ग्रामपंचायतीच्या दप्तरखोलीच्या छपरावर आहे. दिंद्रुडकडून सिरसाळ्याकडे जाताना हे गाव लागतं. नाव सांगत नाही. तिथली सोसायटी अजून जिवंत आहे आणि तिला राग लवकर येतो.

सिद्धलिंगआप्पांनी मला परळीहून बैलगाडीत घालून आणलं, तेव्हा मी कोरीकरकरीत होते. उन्हात अशी चमकायचे की वाटेत गाडीचे बैल दोनदा बुजले. आप्पांना तो शुभशकुन वाटला, कारण त्यांचं दुकानच बैलांचं होतं. म्हणजे बैलांचं नव्हे, बैलांच्या साजाचं. वेसणी, कासरे, घुंगरमाळा, झुली, शिंगांना लावायच्या पितळी शेंब्या, रंगीत गोंडे. गोंडे त्यांची आई गंगासागर घरी बसून वळायची. म्हणून दुकानाला आईचंच नाव द्यायचं ठरलं.

रंगवायला सटवा पेंटरला बोलावलं. सटवाचा हात देवांवर बसलेला होता, बैल त्याने कधी काढला नव्हता. ‘गंगासागर बैलसाज भांडार’ ही अक्षरं झोकात आली, पण शेजारचा बैल हसरा निघाला. अगदी दात दाखवून हसणारा. गावात चर्चा झाली. कुणी म्हणालं, बैल आप्पांच्या मेव्हण्यावर गेलाय. आप्पांनी बैलाकडे पाहिलं, मेव्हण्याकडे पाहिलं आणि सटवाला सांगितलं, राहू दे.

रोज सकाळी आंघोळ आणि लिंगपूजा झाली की आप्पा ओलं भस्म घेऊन यायचे. दुकानाच्या फळ्या काढण्याआधी तीन बोटं भस्मात बुडवून माझ्या उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा ओढायचे. कालच्या रेघांवर आजच्या, आजच्यावर उद्याच्या. थरावर थर चढत गेला. त्यांचा लहानगा अण्णा एकदा त्यांच्या खांद्यावर बसून तो थर नखाने उकरू लागला, तर आयुष्यात कधी नव्हे ती त्याला चापट बसली.

पोळ्याच्या आधी आठ दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. माणसं घुंगरमाळ कानाशी धरून वाजवायची, नाक मुरडायची, दुसरी मागायची आणि शेवटी पहिलीच घेऊन जायची. त्या दिवसांत मला फार मान होता. लांबच्या गावचे लोक ‘हसऱ्या बैलाचं दुकान’ असं विचारत यायचे.

मग पावसानं गावाकडे येणं सोडलं. आधी लोकांनी घुंगरमाळा घेणं थांबवलं, मग कासरे. बहात्तर साल आलं तेव्हा घ्यायला कारणच उरलं नाही. चाऱ्यावाचून बैल बाजाराच्या वाटेनं गेले आणि बाजारातून कुठे गेले ते कुणी विचारलं नाही. पण एक गोष्ट झाली. बैल विकून आलेली माणसं साज घेऊन दुकानात येऊ लागली. रिकाम्या गोठ्यात तो बघवत नव्हता. “आप्पा, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं,” म्हणायची, “बैल घेतला की नेतो.” आप्पा प्रत्येकाची माळ वेगळ्या खुंटीला टांगायचे. खुंट्या संपल्या तेव्हा नवीन ठोकल्या. विक्री शून्य आणि दुकान गच्च भरलेलं, असं ते जिल्ह्यातलं एकमेव दुकान असावं.

त्याच सुमारास गावात सहकार आला. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव. माणूस मोठा गोड. सरकारकडून तांबडी मिलो ज्वारी यायची होती, ती वाटायला सोसायटीला जागा नव्हती. सुंदरराव एका सकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसले.

“आप्पा, तुमचं दुकान आसं बी बसूनच हाय. सोसायटी येक साल वापरंल. पाऊस पडला की तुमचं तुमाला.”

आप्पांनी विचारलं, लिहून काही द्यायचं का?

“आपल्या आपल्यात कावून लिव्हायचं?” सुंदरराव म्हणाले.

आप्पांनाही ते पटलं. सबंध गावानं त्यांच्याकडे साज ठेवला होता, तोही कुणी लिहून ठेवला नव्हता.

सोसायटीला जागा मिळाली, आता पाटी हवी. पत्रा मिळेना. सटवा पेंटरनं तोड काढली. मला उतरवलं, पालथं केलं आणि माझ्या पाठीवर ‘विविध कार्यकारी सहकारी सोसायटी’ असं रंगवून मला पुन्हा त्याच खिळ्यांवर टांगलं. हसरा बैल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शाळेत मुलांना तशी शिक्षा करतात. त्या बैलानं काय केलं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

आप्पा सोसायटीचे मापाडी झाले. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या तागडीनं ते मिलो मोजू लागले. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बायका रांगेत उभ्या राहायच्या. आप्पांचं माप कुणाला कधी कमी गेलं नाही. लोकांचे साज पोत्यांत भरून मागच्या कोपऱ्यात गेले, त्यांच्यावर मिलोची पोती चढली.

रोजचं भस्म मात्र चुकलं नाही. मी खिळ्यांवर जरा पुढे कलून टांगलेली होते. मागे हात जाईल एवढी फट होती. आप्पा टाचा उंचावून त्या फटीत हात घालायचे आणि चाचपून, न बघता, त्याच कोपऱ्यात तीन रेघा ओढायचे. समोरून बघणाऱ्याला वाटायचं, आप्पा सोसायटीच्या पाटीला मिठी मारताहेत. सुंदररावांनी तर सर्वसाधारण सभेत त्यांचं कौतुक केलं. संस्थेवर असं प्रेम करणारा माणूस शोधून सापडायचा नाही, म्हणाले. टाळ्या पडल्या. आप्पा खाली मान घालून बसले होते.

पुढे पाऊस पडला. आप्पांनी दुकानाचं विचारलं. सुंदरराव म्हणाले, पुढच्या पोळ्याला बघू. पुढच्या पोळ्याला खत यायचं होतं, त्याच्या पुढच्या पोळ्याला बियाणं. आप्पांनी विचारणं सोडून दिलं. नाही म्हणायला दोघंतिघं आपला साज घेऊन गेले. बाकीच्यांच्या गोठ्यात बैल परत आलेच नाहीत. नंतर ट्रॅक्टर आले, त्यांना वेसण लागत नाही.

आप्पा वारले, त्याच वर्षी सोसायटीनं नवी पाटी केली. मी काही दिवस सोसायटीच्याच कणगीवर झाकण होते. मग दप्तरखोलीचं छप्पर गळायला लागलं म्हणून पंचायतीनं मला मागून नेलं आणि त्या भोकावर ठोकलं. सोसायटीची बाजू आभाळाकडे, बैलाची खोलीकडे. उन्हानं सोसायटीची अक्षरं दोन-तीन वर्षांत धुऊन काढली. बैल अंधारात हसत राहिला. पंचायतीच्या जडवस्तू नोंदवहीत माझी नोंद झाली: पत्रा, नग एक.

मित्रांनो, दप्तरखोलीत येणारा प्रत्येक माणूस खाली बघतो. कागद खाली असतात. इतक्या वर्षांत एकानंही मान वर केली नाही.

मग सोसायटीचा सुवर्णमहोत्सव झाला आणि स्मरणिका निघाली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. तीत छापलं होतं की संस्थेनं गावातल्या एका पडीक जागेवर आपलं कार्य सुरू केलं. शेवटच्या पानावर सेवकांच्या यादीत आप्पांचं नाव होतं: मापाडी, कैलासवासी.

आप्पांचा तो लहानगा अण्णा आता अण्णाराव झाला होता, थकला होता आणि काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे गेले होते. जन्मभर गावानं त्याला मापाड्याचा अण्णा म्हटलं, ते त्यानं ऐकून घेतलं. पण मुलीनं स्मरणिका वाचून दाखवली आणि ‘पडीक’ या शब्दापाशी त्यानं तिला थांबवलं. पडीक नव्हती, म्हणाला, आमचं दुकान होतं, आजीच्या नावाचं. घरातली मंडळी हसली. जावई म्हणाले, मामा, असेल तर कुठंतरी नोंद असेलच की. त्या दिवसापासून अण्णारावाचं जेवण तुटलं. डॉक्टरांनी तपासलं, हात झटकले आणि म्हणाले, घरीच ठेवा, त्यांना बरं वाटेल तसं करा.

त्यांना कशानं बरं वाटेल ते मुलीला माहीत होतं. तिचं नाव महानंदा, तलवाड्याला शाळेत शिकवते. ती रजा काढून दप्तरखोलीत आली.

दप्तरखोली धर्मराज शिपायाच्या ताब्यात होती. धर्मराज सज्जन. जे मागाल ते देणार, न मागाल ते नाही. महानंदाबाईंनी घरपट्टीचं रजिस्टर मागितलं. धर्मराजनं गठ्ठा आणून दिला. हवी ती वर्षं वाळवीनं खाल्लेली होती. आधीची आणि नंतरची वाळवीला आवडलेली दिसली नाहीत. त्याहून जुनं दप्तर मागितलं. ते निजामाच्या अमदानीतलं, उर्दूतलं निघालं. वाचणार कोण? एक म्हातारे मौलवीसाहेब आले, बरंच वाचून म्हणाले, ही सगळी कोंडवाड्यातल्या गुरांची यादी आहे, अक्षर मात्र फार देखणं आहे. शेवटी सोसायटीचं इतिवृत्त काढलं. त्यात जागा पडीकच होती आणि खाली सुंदररावांची सही होती.

चौथ्या दिवशी बाई दप्तरांमधल्या बोळकांडीत गठ्ठ्यावर बसून राहिल्या. धर्मराजनं पाण्याचा तांब्या पुढे केला. घोट घेऊन त्या सहज बोलाव्या तशा बोलू लागल्या. अण्णा सांगतात, आजोबा रोज सोसायटीच्या पाटीमागं हात घालायचे, बाहेर काढला की तीन बोटं पांढरी असायची. हे कागदावर कुठं सापडणार?

धर्मराजनं मान वर केली. मित्रांनो, माझ्या इथल्या मुक्कामात माझ्याकडे बोट करायला वर झालेली ही पहिली मान.

“बाई,” तो म्हणाला, “वर त्यो बैल हाय बघा. त्याच्या खाली पांढरं कायतरी थापल्यालं हाय.”

बाई उठून बैलाच्या बरोबर खाली जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “धर्मराजभाऊ, चार दिवस झाले मी येतेय.”

“तुमी कागुद मागितला,” धर्मराज म्हणाला. “पत्रा न्हाई मागितला.”

त्यानं शिडी लावली, खिळे उपटले आणि मला खाली घेतलं. बाईंनी पदरानं माझं तोंड पुसलं. गंगासागर बैलसाज भांडार. बैल अजून हसत होता. बाई नाही हसल्या. फोटो काढायला त्यांनी फोन बाहेर काढला आणि परत पिशवीत ठेवला. फोटो बघणार कोण होतं? अण्णारावाच्या हाताला मीच लागायला हवं होतं.

ग्रामसेवक आले. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, चहा सांगितला, सगळं ऐकलं आणि नोंदवही काढली. पत्रा जडवस्तूंत आहे, म्हणाले. ठरावाशिवाय बाहेर जात नाही. अर्ज द्या, मासिक सभेत ठेवतो. बाईंनी विचारलं, सभा कधी? गेल्या दोन सभा माणसं जमली नाहीत म्हणून तहकूब झाल्या होत्या, तिसरीचं सांगता येत नव्हतं. बाई म्हणाल्या, एका दिवसासाठी न्यायची आहे, उद्या आणून देते. ग्रामसेवक म्हणाले, मला कळतंय बाई. आणि त्यांना खरंच कळत असावं, कारण ते लगेच मोटरसायकल काढून निघून गेले.

बाईंनी अर्ज लिहिला. धर्मराज माझ्यापाशी उकिडवा बसला. त्यानं नोंदवहीतली माझी ओळ बोट ठेवून दोनदा वाचली.

“ह्यात पत्रा हाय,” तो म्हणाला. “भस्म न्हाई लिव्हल्यालं.”

बाईंनी रुमाल पसरला. धर्मराजनं आपल्या किल्लीनं तो थर हळूहळू सोडवला. आप्पांच्या सगळ्या सकाळी एकमेकींना चिकटून बसलेल्या होत्या. दुकानातल्या आणि फटीतल्या, त्यांत फरक करता येत नव्हता. रुमालाची गाठ मारून बाई गेल्या. धर्मराजनं मला पुन्हा वर ठोकलं.

चार महिन्यांनी सभा भरली आणि ‘पत्रा परत करणे’ हा विषय एकमतानं मंजूर झाला. धर्मराजनं दप्तरखोलीतूनच बाईंना फोन लावला. फोन स्पीकरवर लावायची त्याची सवय, म्हणून मलाही ऐकू आलं. अण्णा गेले, बाई म्हणाल्या. त्या दिवशी घरी जाऊन मी त्यांच्या तळहातावर भस्म ठेवलं, त्या सांगत होत्या. कुठल्या मठातलं, अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, आपल्या दुकानातलं. त्यांनी बोटांनी चुरून बघितलं आणि म्हणाले, “खालच्या कोपऱ्यातलं का? आप्पा हात लावू देत नव्हते.” मग ते बोललेच नाहीत. आठवडा निघाला. तेच भस्म त्यांच्या कपाळाला लावून त्यांना समाधी दिली.

धर्मराजनं विचारलं, पत्रा कधी नेता?

“आता कुणाच्या हातात देऊ?” बाई म्हणाल्या.

तर मित्रांनो, मी अजून इथंच आहे. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघाली, तीतही जागा पडीकच आहे. तुम्हाला एवढंच सांगते. जुनी पाटी भंगारात घालण्याआधी एकदा उलटी करून बघा. आणि घरातलं म्हातारं माणूस ‘आमचं दुकान होतं’ म्हणालं, तर नोंद मागू नका, दुकानाचं नाव विचारा. नोंद सापडेपर्यंत ते थांबत नाही.

भस्माचा थर गेला, तिथला पत्रा उघडा पडला. गेल्या पावसाळ्यात त्याला गंज चढला आणि आता तिथं भोक पडलंय. पाऊस आला की त्या कोपऱ्यातून थेंब थेंब गळतं. बरोबर खाली सोसायटीच्या इतिवृत्ताचा गठ्ठा आहे. धर्मराजला ते दिसतं. पण गठ्ठा हलवा, असं त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.