त्याच्या मापाची सीट

मी बोलतेय, नांदुऱ्याच्या एका कापूस जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली लाल अमेरिकन गाडी. आज दुपारी पहिल्यांदा काहीतरी विपरीत दिसलं ते माझ्याच पडद्यावर. किल्ली फिरली आणि तिथं अक्षरं उमटली: ‘हर्षलचा फोन जोडला गेला.’

अनुपमाने सीटची कड घट्ट धरली. तिचा भाऊ हर्षल संक्रांतीपासून घरी नाही. त्याचा फोनही तेव्हापासून बंद.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. हर्षलने हौसेने मला जहाजातून मागवलं, तेव्हा त्याच्या आईने, पुष्पाबाईंनी, बॉनेटवर स्वस्तिक काढून चाकाखाली लिंबू ठेवलं. पहिल्याच फेरीत वडनेर भोलजीच्या गतिरोधकावर माझं पोट घासलं. हर्षल खाली उतरून मलाच म्हणाला, "लागलं का वं तुले?"

पानटपरीवरचे खो खो हसले. "एवढी महागाची, अन् बुटकी काऊन बे?"

हसू देत. त्याने मला जिवापाड जपलं. पण कापसाच्या हंगामात शेडमध्ये जागा पुरेना, तेव्हा त्याच्या वडिलांनी, उकंडरावांनी, सरकीची पोती माझ्याभोवती रचली. "थंडीत आडोसा होते तिले," म्हणाले. अगदी भल्यासाठीच हो. पण सरकीला उंदीर आले आणि त्यांनी माझ्या वायरी कुरतडल्या. हर्षल मजुरांसमोर वडिलांना नको ते बोलला.

"तुले गाडी पाह्यजे का बाप?" त्यांनी विचारलं.

त्याच पावली तो घर सोडून चालता झाला.

वायरी अनुपमानेच नव्या बसवून घेतल्या. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी ती मला चालू करते. भावाच्या किल्लीने दार उघडलं की सीट आपोआप मागे सरकते, त्याच्या लांब पायांच्या मापाला. ही आठवण किल्लीतली, त्यात भूतबीत काही नाही. तरी ती दर वेळी दचकते. "दादा?" म्हणते. मग फोन लावते. बंद. तो जिवंत असेल ना, हे ती घरात कुणालाच विचारत नाही. मला विचारते.

उद्या अकोल्याचं गिऱ्हाईक मला न्यायला येणार. मी गेले तर दादाला परत यायला निमित्तच उरणार नाही, असं तिच्या मनाने घेतलंय.

पडद्यावरचं नाव काही जाईना. जिनिंग बंद, उन्हात कुत्रंही फिरकत नव्हतं. मला ठाऊक होतं, अगदी जवळ आल्याशिवाय त्याचा फोन माझ्याशी जोडला जात नाही. पण सांगू कशी? हॉर्न वाजवायलासुद्धा मला माणसाचा हात लागतो.

"दादा, तू... तू नसशील न, तं असं नको करू रे. मले भेव लागते."

तिने नंबर लावला.

रिंग माझ्याच आत वाजू लागली, दोन्ही दारांतल्या स्पीकरांतून. आणि पडद्यावर तिचंच नाव: अनु. ती किंचाळली, दाराशी झेपावली. पण फोन काही तिने कापला नाही.

रिंग थांबली. आधी श्वास ऐकू आला. मग माझ्या तोंडून त्याचा आवाज.

"अनु, भेऊ नको वं. गाडी इकली म्हणे, म्हणून आलो. पत्र्याच्या मांगंच उभा आहो. आत याले पाय उचलून नाही राह्यले."