फोकास घराण्याचा भाचा

आमच्या ह्यांना जगातलं सगळं ठाऊक होतं, फक्त आर्णीतलं काही ठाऊक नव्हतं. वाईहून इकडे विदर्भात आलो त्याला दोनच वर्षं झाली होती. हे, म्हणजे देवस्थळी मास्तर, शाळेत इतिहास शिकवायचे आणि नोकरी अजून कच्ची होती. ती कायम करायची की नाही हे संस्थेचे अध्यक्ष सदाशिवराव येत्या उन्हाळ्यात ठरवणार होते. अशा वेळी शहाण्या माणसानं शाळेच्या संमेलनासाठी एखादं हसवणारं नाटुकलं बसवलं असतं. ह्यांनी स्वतः लिहून बसवलं ते फोकास घराण्याचं नाटक.

फोकास कोण, हे मला भाकरी गार होईपर्यंत ऐकावं लागलं. हजार वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाईन राज्यात हे सरदार घराणं होतं. आजा सेनापती, बाप सेनापती, मुलगाही सेनापती. त्यातला निकेफोरस लढाया जिंकत जिंकत थेट सम्राट झाला. त्याला गादीवर बसवायला सगळ्यात पुढे होता त्याच्या बहिणीचा मुलगा, योहान. पुढे मामानं ह्याच भाच्याला सैन्यातून काढून घरी बसवलं. मग भाच्यानं राणीला हाताशी धरलं, महालात शिरून मामाला ठार केलं आणि स्वतः सम्राट झाला. सहाएक वर्षांत तोही मेला, विष घातलं म्हणतात. ह्यांचं नाटक मात्र भाच्याच्या राज्याभिषेकाशी संपत होतं.

शेजारच्या बेबीताईंकडे मिरच्या निवडायला बसले असताना मी ही गोष्ट सहज सांगितली. त्यांचा हात थांबला.

"मास्तरीणबाई, हे तं आमच्या गावचंच हाय," त्या म्हणाल्या. "घनश्याम सदाशिवरावचा सख्खा भाचा. सदाशिवराव अध्यक्ष झाले ते त्याच्याच जोरावर. अन् दिवाळीत मामानं त्याले सेक्रेटरीच्या खुर्चीवरून काढून टाकलं. आता ही नवी जिल्हा परिषद येऊन राह्यली ना, तिथं दोघायलेही उभं राहाचं हाय."

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, नाटकातला सम्राट तर पलंग सोडून जमिनीवर झोपतो.

"सदाशिवरावही बायको गेल्यापासून खालीच झोपतेत. घोंगडीवर."

घरी येऊन मी ह्यांच्यापुढे हात जोडले. भाच्याचा पुतण्या करा, मामाचा काका करा, नाहीतर आजारी पडा.

"तो इतिहास आहे," हे म्हणाले. "त्यातली काडीही मी हलवणार नाही. सांगणारा भिऊन खोटं सांगायला लागला तर त्याला इतिहास कशाला म्हणायचं?"

"आणि नोकरी हलली म्हणजे?"

मला तर ती नाटकाची वही चुलीत घालावीशी वाटत होती. भीतीनं माझं जेवणावरचं लक्ष उडालं होतं, आणि हे मात्र पुठ्ठ्याच्या मुकुटाला सोनेरी कागद चिकटवत बसले होते.

संमेलनाच्या संध्याकाळी शाळेचं पटांगण भरून गेलं. पुढच्या खुर्चीत सदाशिवराव, आणि चौथ्या रांगेत अगदी कडेला घनश्याम. सम्राट झाला होता सायकलदुकानवाला जब्बार, कारण त्याच्याइतका आवाज गावात कुणाचा नव्हता. भाचा झाले होते कवायतीचे मास्तर धनसिंग. पहिल्याच अंकात भाच्यानं मामाच्या डोक्यावर मुकुट ठेवला आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला. सगळ्या पटांगणात कुजबुज उठली. सदाशिवराव खुर्चीत ताठ झाले.

"काय झालं?" मी बेबीताईंना विचारलं.

"भाचा कुठं मामाच्या पाया पडते का? आमच्याकडं मामा भाच्याच्या पाया पडते. भाचा वाकला तं मामाले पाप लागते."

मागाहून कळलं की जब्बारनं हे तालमीतच सांगितलं होतं. ह्यांनी त्याला गप्प बसवलं होतं: "हे कॉन्स्टँटिनोपल आहे, आर्णी नव्हे." आता सगळ्यांना वाटत होतं की मास्तरानं मुद्दाम अध्यक्षांना पापी दाखवलं. पदराचं टोक पिळून पिळून मी त्याची वात करून टाकली.

शेवटचा अंक आला. धनसिंग तलवार घेऊन आत शिरले, पलंग रिकामा पाहून चपापले, मग त्यांना जमिनीवर घोंगडी पांघरून निजलेला जब्बार दिसला. जब्बारनं उठून देवाचा धावा करायचा होता. तो उठला. समोर उगारलेली तलवार, तिच्यापलीकडे पहिल्या खुर्चीत सदाशिवराव. काय वाटलं त्याला कोण जाणे, तो धावाबिवा विसरला आणि त्यानं धनसिंगांच्या पायांवर डोकं टेकवलं.

"घे, भाच्या," एवढंच म्हणाला.

धनसिंगांची तलवार वरच राहिली. पायाशी वाकलेल्या मामावर ती खाली येईना. पडद्याआडून आमचे हे हळूच सांगू लागले, "मारा, धनसिंग, मारा." ते हळू बोलणं बायकांच्या रांगांपर्यंत स्पष्ट ऐकू आलं.

सदाशिवराव उठून उभे राहिले.

"मास्तर, भाईर या."

हे वही घेऊन बाहेर आले. चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं.

"पुढं काय हाय?"

"भाचा मामाला मारतो," हे म्हणाले. "आणि सम्राट होतो."

"हे तुमी मनानं लिवलं, का असंच झालतं?"

मी डोळे मिटले. म्हणा मनानं लिहिलं, म्हणा बदलतो, म्हणा चुकलं. देवीला मनातल्या मनात खणनारळ बोलून झाला.

"असंच झालं होतं," हे म्हणाले. आवाज कापत होता, पण म्हणाले.

"मंग थांबले काहून? दाखवा."

धनसिंगांनी डोळे मिटून तलवार मारली. राज्याभिषेक झाला आणि पडदा पडला, पण टाळी एकही वाजली नाही. सदाशिवराव आमच्याकडे आले नाहीत. ते सरळ चौथ्या रांगेपाशी गेले. दिवाळीपासून मामाभाचे एकमेकांसमोर आले नव्हते. घनश्याम उभा राहिला. सदाशिवरावांनी टोपी काढली आणि सगळ्या गावादेखत वाकून त्याच्या पायांना हात लावला.

"तुले पाह्यजे ते घे," ते म्हणाले. "तलवार नोको काढू."

घनश्यामनं त्यांना उठवलं नाही. पायही मागे घेतला नाही. त्या म्हाताऱ्या वाकलेल्या पाठीकडे पाहून मला रडू आलं आणि घटकाभर नोकरीचा विसर पडला.

सदाशिवरावांनी अध्यक्षपद सोडलं, निवडणुकीचं नावही घेतलं नाही. उन्हाळ्यात एक दिवस नवे अध्यक्ष घनश्यामराव स्वतः आमच्या घरी आले.

"मास्तर, तुमची नोकरी पक्की झाली. परवा ऑर्डर भेटन."

हे ऐकताच मी स्वयंपाकघरात शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला, तो मंद विस्तवावर ठेवून चहा घेऊन बाहेर आले. घनश्यामरावांनी बशीत चहा ओतला, फुंकला आणि विचारलं, "त्या भाच्याचं पुढं काय झालं हो? तुमच्या नाटकात नाई दाखवलं."

हे कपात बघत राहिले. मी दारात उभी होते. मला माहीत होतं, ह्यांना माहीत होतं: सहाएक वर्षं, आणि मग विष. ह्या माणसानं जरा वाकायला शिकावं म्हणून मी वर्षभर देवाला विनवत होते, आणि आता एकाएकी वाटलं, आजच्या दिवस वाकू नका.

"राज्य केलं," हे म्हणाले. "सुखानं केलं."

"म्हतारा होयेपर्यंत?"

"हो," हे म्हणाले. "म्हातारा होईपर्यंत."

घनश्यामराव समाधानानं चहा संपवून गेले. हे माझ्याकडे न बघता तसेच बसून राहिले. मी आत जाऊन रव्याची कढई चुलीवरून उतरवली आणि झाकून ठेवली.