औषधाचं बटण

गेममधली माझी बाई अर्धी मारणारी आहे आणि अर्धी औषधपाणी करणारी. अशी कुणी करत नाही, हे मला अडुसष्टाव्या वर्षी भरतनं सांगितलं. भरत माझ्या पुतणीचा नवरा. नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोच्या गाड्या भरून देतो, आणि गाडी भरेपर्यंत मोबाईलवर तोच गेम खेळतो जो मी इथं डिंगोऱ्यात ओसरीवर बसून टॅबवर खेळते.

"मामी, हायब्रीड करू नगा," तो म्हणाला. "लेव्हलमागं पाच पॉइंट मिळत्यात. सगळं ताकदीत घाला, न्हाईतर सगळं औषधात घाला. निम्मं-निम्मं केलं की मार बी हलका बसतो आन जखम बी अर्धीच भरती."

"जावईबापू, तुमी सगळं ताकदीतच घातलंय न्हवं?"

"मंग! एकशेदहाच्या एकशेदहा."

"मंग परवा माझ्याम्होरं उताणं का पडला व्हता?"

तो हसला आणि त्यानं चहा मागितला. हरलेल्याला मी चहा देते. साखर कमी घालते.

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं ते नातीनं, संस्कृतीनं. लॉकडाऊन लागलं तेव्हा माझ्या मुलानं, सोमनाथनं, तिला भोसरीहून माझ्याकडं आणून सोडलं. तिचं नर्सिंगचं कॉलेज बंद होतं. अकरा महिने राहिली. दुपारची भांडी झाली की आम्ही दोघी ओसरीवर, ती मोबाईलवर आणि मी तिच्या टॅबवर. मी दुसरी शिकलेली. इंग्रजी अक्षर मला एक कळत नाही, पण बटणांवर चित्रं असतात. कुऱ्हाड म्हणजे मार, ढाल म्हणजे अडव, पान म्हणजे औषध. दोघींनी दोघांशी लढायचं असा तो आखाडा. समोरची दोघं कुठल्या मुलखातली असतात देव जाणे, पण असतात खरी माणसं. चिडतात, पळतात, फसवतात.

तिनं माझ्या बाईचं नाव ठेवलं डिंगोरेकरीण. स्वतःच्या बाईचं ठेवलं हळद. हळदीच्या हातात हत्यार नव्हतंच. ती माझ्या पाठीशी उभी राहायची, आणि माझी रक्ताची पट्टी खाली आली की भरून द्यायची.

"आजी, तू नुसती मार," ती म्हणायची. "तुला मरू न देणं हे माझं काम."

असं मला आयुष्यात दुसरं कुणी म्हणालं नाही. माझा नवरा यमाजी भला माणूस होता, पण तोही कधी म्हणाला नाही.

तीन वर्षांपूर्वी ती जर्मनीला गेली, तिकडच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून. निघताना मला भेटायला आली, टॅब मलाच ठेवला. गाडी दारातून निघाली, आणि बघते तर लसणाच्या चटणीची पुडी ओट्यावरच राहिलेली. गाडी अजून वळणावर होती. काच खाली होती. मी हाक मारली असती तर थांबली असती.

नाही मारली. आमचं घर मेंढरांचं. आता शेत वाट्यानं दिलंय आणि रात्री मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी माळ्यावर पडलीय, पण मी नवरी होऊन आले तेव्हा दिवाळी झाली की कळप माळशेज उतरून कोकणात जायचा. तेव्हा सासूनं पहिली गोष्ट शिकवली ती ही, की निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. काही विसरलं असेल तर आडवाटेनं पळत जायचं, पुढं निघायचं आणि समोरून हातात द्यायचं. मी अशी दोनदा पळाले आहे, एकदा घोड्याच्या दाव्यासाठी आणि एकदा यमाजीच्या तंबाखूसाठी. पण मुंबईचं विमानतळ काही माझ्या पायाखालचं नव्हतं. चटणी मीच खाल्ली. महिनाभर पुरली.

पहिलं वर्ष संस्कृती दर रविवारी आखाड्यात यायची. मग एक रविवार आड. मग ड्युटी लागली, मग परीक्षा, मग नुसता मोबाईलवर अंगठा. मी कधी विचारलं नाही की का गं आली नाहीस. तिचा फोन आला तर उचलायचा, एवढंच. मी माझ्याकडून एकदाही लावला नाही, तीही मागून मारलेली हाकच. सोमनाथला वाटतं आईला फोन लावता येत नाही. वाटू दे.

हळद नव्हती तेव्हा मी दुसऱ्यांबरोबर उतरून पाहिलं. गेम आपोआप जोडीदार देतो. एक जण लढाई सुरू झाल्याबरोबर कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, जेवायला गेला असावा. दुसरा औषधवाला म्हणे, पण सगळं औषध स्वतःलाच लावायचा. माझी बाई भर आखाड्यात तडफडायची आणि हा मागं उभा राहून स्वतःचे ओरखडे पुसायचा. सलग एकोणीस लढाया हरले. विसाव्या वेळी ठरवलं, आता कुणाच्या हाताकडं बघायचं नाही.

गेमात एक विहीर आहे. तिचं पाणी प्यायलं की घातलेले सगळे पॉइंट परत ओंजळीत येतात. मी प्यायले. मग ओसरीवर ज्वारीचे एकशेदहा दाणे मांडून बसले आणि वाटण्या करून बघितल्या. दुधारी कुऱ्हाड उचलायला ताकद पंचावन्न लागते, तर पंचावन्न दाणे तिकडं. पंचवीस औषधात, कारण तिसरं पान पंचविसालाच उघडतं. उरलेले तीस दमात. लोखंडी चिलखत घातलं की औषध चालत नाही, म्हणून ते विकून कातड्याचं घेतलं. आणि औषध लावायचं तर दोन सेकंद हलायचं नाही, म्हणून आखाड्यातला एकेक खांब पाठ केला. दोन घाव घालायचे, खांबामागं जायचं, पान दाबायचं, परत बाहेर. समोरच्याचा राग वाढतो आणि दम संपतो.

भरतला हे नवं वाटलं. मला नव्हतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी घाटाखाली पुरुष माणसं पाण्याच्या शोधात पुढं गेली, आणि मी एकटी वाघरीपाशी असताना लांडगा आला. एक मेंढी त्यानं मानेला फाडली. माझ्या उजव्या हातात काठी होती. डाव्या हातानं मेंढीच्या मानेत हळद कोंबून दाबून धरली होती. हात सोडला असता तर मेंढी गेली असती, काठी सोडली असती तर मी. दिवस माथ्यावर येईस्तोवर तशी उभी होते. मेंढी जगली. पुरुष आले आणि म्हणाले, चिमे, चहा ठेव.

नवी डिंगोरेकरीण मरेना झाली. दीड वर्षात तिचं नाव आखाड्याच्या पाटीवर वरच्या शंभरांत लागलं. समोर आलेले चिडून काहीबाही लिहायचे. भरत वाचून दाखवायचा आणि शिव्या गाळायचा. मला कळायचं कुठं गाळल्या ते. पण जिंकून टॅब खाली ठेवला की ओसरीवर पंख्याचा आवाज, आणि पलीकडं रस्त्यावरनं कल्याणकडं जाणारे टेम्पो. सांगायचं कुणाला?

यंदा एका गुरुवारी संस्कृतीचा फोन आला. "आजी, गेमचा वाढदिवस आहे. जुन्या जोड्यांचा खास आखाडा लागणार, या रविवारी. तीन फेऱ्या. तिन्ही जिंकल्या तर पुढं आठ रविवार मॅच. उतरूया आपण दोघी?"

"बघू," मी म्हणाले. "येळ असला तर उतरंन."

आठ रविवार. फोन ठेवला आणि मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आठ पानं मोजायला गेले. एका पानावर चार-चार रविवार असतात हे मला त्या वेळी सुचलंच नाही.

रविवारी दुपारी तीनला हळद आखाड्याच्या दारात येऊन उभी राहिली. तीच पिवळी, हात मोकळे. टॅबमधून संस्कृतीचा आवाज आला. तिच्याकडं सकाळ होती, मागं भांड्यांचा आवाज येत होता.

"आजी, तयार? तू नुसती मार."

मी मारलं. आठ रविवार मला पाहिजेच होते. पहिल्या फेरीत दोघंही लोखंडात होते, त्यांना खांबाभोवती फिरवून दमवलं. दुसऱ्या फेरीत एक बाण मारणारा होता, त्याला कोपऱ्यात घेतला. माझी पट्टी निम्म्याच्या खाली गेलीच नाही. खाली यायला लागली की मी आपली खांबामागं, पान दाबलं, परत हजर. अडीच मिनिटांत दुसरी फेरी संपली.

"बाप रे, आजी!" संस्कृती हसत म्हणाली. "हे कधी शिकलीस? तूच मारतेस, तूच औषध लावतेस. मी उगाच उभी आहे."

"तुजी आजी हाय म्या. वाटलं काय तुला?"

"खरं सांगू? मला लई वाईट वाटायचं गं. दर रविवारी वाटायचं, आजी तिकडं एकटी दारात उभी असेल, माझ्यावाचून अडून बसली असेल. आता नाही वाटणार. सुटले मी! हे बघ, जिंकलो तर पुढचे आठ रविवार भरतमामाला घे. जोडीदार बदलला तर चालतो, मी वाचलंय. माझ्या ड्युट्यांचं काही खरं नाही. आणि तुला काय, कुणीही चालेल."

तिसरी फेरी सुरू व्हायला पंधरा सेकंद होते. आकडे उलटे पडत होते.

समोर आलेली जोडी बरी होती, एक तलवारवाला आणि एक आग फेकणारी. पण खरं तर आम्ही तिच्यापुढं हरावं अशी नव्हती. आगीचा पहिला गोळा लागला आणि माझी पट्टी पाव उतरली. पानाचं बटण माझ्या डाव्या अंगठ्याखाली होतं. मी अंगठा उचलला आणि टॅबच्या कडेला ठेवला.

पट्टी निम्मी झाली. मग निम्म्याच्या खाली.

"आजी, मागं जा ना. आजी?"

मी दोन घाव घातले. पट्टी लाल झाली.

"आजी! मागं ये, मागं ये, खांबामागं! थांब, आले मी!"

तिच्या मागची भांडी थांबली. हळद धावत आली, माझ्या पाठीला लागली आणि पट्टी सरसर भरली. परत उतरली, परत भरली. ती ओरडत होती, "डावीकडं बघ! आता मार! आजी, अगं वाक!" अगदी ओसरीवर माझ्या मांडीला मांडी लावून ओरडायची तशी. सात मिनिटं. तलवारवाल्याला मी पाडलं. पण तिची सवय मोडली होती. तिचं औषध संपलं आणि आगवालीचं नाही. डिंगोरेकरीण गुडघ्यावर आली. अंगठा ठेवला असता तर अजून उठली असती. मी ठेवला नाही.

आखाडा बंद झाला. आठ रविवार गेले.

"आजी," संस्कृतीला धाप लागली होती. "औषधाचं बटण का नाही दाबलंस? दोन्ही वेळा तर दाबत होतीस."

"दिसलं न्हाई."

"दिसलं नाही म्हणजे?"

"न्हाई दिसलं. म्हातारपण हाय."

ती नर्सच्या आवाजात म्हणाली, "बाबांना सांगते. डोळे तपासून घे." आणि तिला ड्युटीला निघायचं होतं.

सोमनाथचा फोन सोमवारी सकाळीच आला, त्याला स्वतःला सुट्टी नाही म्हणून भरतला जुंपलं. भरतनं बुधवारी मला मोटारसायकलवरून नारायणगावात डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत मी ठरवून टाकलं होतं, मराठी अक्षरांचा तक्ता वाचायला लावला की तिसऱ्या ओळीवर थांबायचं. पुढचं दिसत नाही म्हणायचं. खोटं एकदा बोललं की त्याला चारा घालावा लागतो.

डॉक्टर तरणा होता. खुर्चीत बसवून म्हणाला, "आजीबाई, जमेल तेवढं वाचा."

जमेल तेवढं!

मी वरून सुरू केलं आणि पार शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. तक्त्याच्या खाली कडेला छापखान्याचं नाव बारीक छापलं होतं, तेही वाचलं.

"आजी, ते वाचायचं नव्हतं," डॉक्टर म्हणाला.

"मंग छापलं कशाला?"

भरत दारात उभा राहून हसत होता आणि मोबाईलवर बोटं चालवत होता. घरी पोचेपर्यंत मला कळलं नाही की त्यानं संस्कृतीला कळवलं. मामींची नजर घारीची, असं.

चारच्या सुमाराला टॅब वाजला. तिनं मराठीत लिहिलं होतं, मला वाचता यावं म्हणून एकेक शब्द सुटा.

'मग बटण दिसलं होतं ना आजी?'

मी ते वाचून टॅब पालथा ठेवला. गोठ्यात काही नाही तरी गोठा झाडून आले. परत सुलटा केला. तेच वाक्य. त्याखाली जागा रिकामी होती आणि रेघ लुकलुकत होती. दिसलं होतं, एवढं लिहायला मला दहा मिनिटं लागली असती, आणि लिहून ते पुरलं नसतं.

तिच्या नावाशेजारी फोनचं हिरवं चित्र आहे. तीन वर्षं ते मी बघते आहे. आडवाट नाही, पुढून गाठायची सोय नाही. मी अंगठा ठेवला.

वाजत राहिला. तिकडं दुपारचे बारा-साडेबारा, वॉर्डात असेल. वाजून वाजून बंद झाला.

मी परत लावला.