चिठ्ठीवरचे आठ दिवस

मित्रांनो, रक्ततपासणीच्या खोलीत खिडकीखाली कडेने पिवळा पडलेला एक जुना संगणक दिसतो ना, तोच मी. माझ्या पडद्याच्या वर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. माझी कहाणी म्हणजे खरं तर त्या चिठ्ठीचीच कहाणी, आणि ती मला आजच सांगायला हवी. उद्या सांगून उपयोग नाही.

माझं अंग कारखान्यात घडलं, पण अक्कल दिली ती अनोळखी माणसांनी. माझी कार्यप्रणाली मुक्त आहे, म्हणजे ती कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. देशोदेशीची माणसं ती लिहितात, एकमेकांच्या चुका काढतात, त्यावरून कडाडून भांडतात आणि सुधारलेले प्रोग्राम एका सामाईक भांडारात ठेवून देतात. तिथल्या प्रोग्रामच्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. रोज सकाळी मी भांडाराकडे चौकशी करतो आणि नवीन आलेलं पॅकेज घेऊन येतो. वय झालं तरी मी ताजा राहिलो तो त्यामुळेच.

माझं काम लहानसं. ताई रक्त घेतात, नाव टाइप करतात, मी पुढचा नंबर देऊन ट्यूबवरचं लेबल छापतो. तपासणीचं यंत्र त्याच नंबरावर निकाल पाठवतं आणि मी अहवाल काढतो. पहिला अहवाल एका म्हाताऱ्या शिंप्याचा होता, रक्तगट बी. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला तेव्हा मला केवढं धन्य वाटलं होतं!

मग एका सकाळी लेबलाच्या प्रोग्रामचं नवं पॅकेज आलं आणि लेबलं कोरी निघू लागली. बाकावर उपाशीपोटी आलेली माणसं ताटकळली. दुरुस्तीवाले भाऊ धावत आले. त्यांनी जुनं पॅकेज परत बसवलं, ते आपोआप बदलू नये म्हणून त्याला कुलूप घातलं आणि चिठ्ठी लिहिली, ‘आठ दिवस लेबलाच्या प्रोग्रामला हात लावू नये.’

“भांडाराकडची मंडळी आठवड्यात दुरुस्ती पाठवतील,” ते ताईंना म्हणाले. “मग मी येऊन कुलूप काढतो.”

दुरुस्ती सहाव्या दिवशी आली. भाऊ आले नाहीत. त्यांना दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि त्या गडबडीत ते मला विसरले. मी त्यांना दोष देत नाही. थोडा देतो.

रक्ताची खोली रोज औषधी पाण्याने पुसतात. त्या पाण्याने चिठ्ठीचा डावा कोपरा विरत गेला आणि त्यासोबत ‘आठ दिवस’ हे दोन शब्दही गेले. आमच्या ताई नीटनेटक्या. फाटकं त्यांना बघवत नाही. त्यांनी उरलेला मजकूर सुवाच्य अक्षरात नव्या कागदावर उतरवला, वर प्लास्टिक चढवलं आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली. आता ती चिठ्ठी कायमची झाली.

पुढे एक इंजिनिअर आले. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, “चालतंय ना?”

“अहो, एकदाही दगा दिला नाही त्याने,” ताई कौतुकाने म्हणाल्या.

“मग राहू द्या. उगाच कशाला नसती उठाठेव?”

मित्रांनो, त्या कौतुकाने माझा जीव गुदमरला. कारण जुन्या पॅकेजात एक खोट आहे. त्यात नंबराला पाचच घरं आहेत. लाखावी नोंद त्यात मावत नाही, म्हणून ती पुन्हा एक नंबरावर जाऊन बसते. नाव नवं घेते, पण त्या नंबरावर आधीच निकाल असल्यामुळे नवा निकाल घेतच नाही. नव्या नावाखाली जुनाच अहवाल निघतो. भांडारातल्या माणसांनी ही खोट कधीच दूर केली आहे. रोज सकाळी माझ्या पडद्यावर ओळ उमटते, ‘एक पॅकेज रोखून ठेवले आहे. ते तातडीने बदला.’ आणि रोज सकाळी ताई बटण दाबून ती पुसतात. पुसायची सवय बोटांना लागली, वाचायची डोळ्यांना लागली नाही.

आज दुपारी नंबर झाला नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव.

“ताई, आता उद्याची पहिली ट्यूब लाखावी!” शिपाईमामा म्हणाले. “तोंड गोड करायला पाहिजे सगळ्यांचं.”

“ती माझ्या धाकट्या बहिणीची,” ताई लगेच म्हणाल्या. “परवा ऑपरेशन आहे तिचं. रक्त तयार ठेवायचंय, म्हणून गट तपासायला सांगितलाय डॉक्टरांनी. मी तिला सांगितलंय, सगळ्यांच्या आधी ये. एवढा शुभ नंबर दुसऱ्या कुणाला कशाला देऊ?”

मामा हसले. ताईही हसल्या आणि त्यांनी चिठ्ठीवरची धूळ पदराने टिपली. मला त्या वेळी वाचा असती तर मी ओरडलो असतो.

धाकटीचा गट कोणता ते कुणालाच माहीत नाही. माझ्याकडून तो एक नंबरच्या शिंप्याचा बी निघणार, एवढं मला माहीत आहे. रक्त चढवण्याआधी रक्तपेढीत पुन्हा पडताळून बघतात म्हणे. बघत असतील. तिकडेही कुणीतरी एखादी चिठ्ठी लावली नसेल, तर बघत असतील.

मित्रांनो, मला नवं कव्हर नको, कौतुक नको. कुठे कुलूप घातलंत तर ते कुणी घातलं, का घातलं आणि कधी काढायचं, एवढं लिहून ठेवा. आणि लिहिलेलं पुसू देऊ नका.

संध्याकाळचे सहा वाजले. ताईंनी माझ्यावर आच्छादन घातलं आणि दिवा मालवता मालवता फोन कानाला लावला, “उद्या सातला ये गं, उशीर करू नकोस. घाबरतेस काय, मी आहे ना!”

सातला त्या मला सुरू करतील. ती ओळ पुन्हा उमटेल. ताई, उद्या एकदाच, बटण दाबण्याआधी वाचा.