तीन नंबरची लाल खूण

मामांनी चिठ्ठी चार घड्या करून खिशात ठेवली आणि खिशाची गुंडी लावली.

“सहापैकी कोणता स्विच बिघडवलाय, ते यात लिहिलंय. ओळखलंस तर तुझी पेटी इथे राहील. नाहीतर तू आणि पेटी, दोघींनी घरचा रस्ता धरायचा!”

पंपघरातल्या मोटरला हवी तशी वीज घडवून देणारे सहा स्विचांचे ड्राइव्हचे कपाट मामांनी बावीस वर्षे सांभाळले होते. त्याच विजेच्या लहरी वाचून बिघाड सांगणारी पेटी भाचीने दोन वर्षे खपून तयार केली होती.

मोटर घुमू लागली. पडद्यावर एका लहरीचा माथा मधूनच कापला जात होता.

“तीन नंबर,” भाची म्हणाली.

मामांनी गुंडी काढून चिठ्ठी तिच्या हातात दिली. ‘शून्य. कशालाही हात लावलेला नाही.’

“रिकाम्या घरात चोर पकडलास की गं!”

ती हसली खरी. पण हात पेटीची तार गुंडाळू लागले.

मामांनी मोटर बंद केली, मुख्य पुरवठा तोडला आणि घड्याळ पाहिले.

“आता कशाला उघडताय?”

“उपकरणाने दोष दाखवला की उघडून बघायचं. उपकरण थापाडं असलं तरी. आधी आत साठलेली वीज उतरू दे. दहा मिनिटं.”

“मामी म्हणते, तुम्ही चहासुद्धा दहा मिनिटं थांबून पिता.”

“म्हणून जीभ शाबूत आहे.”

दहा मिनिटांनी मीटरवर शून्य पाहूनच त्यांनी दार उघडले. तिसऱ्या स्विचच्या जोडणीवर लाल रंगाचा ठिपका होता; गेल्या शुक्रवारी तपासून त्यांनीच लावलेला. त्यांनी जोडणीला बोट लावले. ती हलली.

भाची पाठमोरी होती. अंगठ्याने जरासे दाबले असते, तर काम झाले असते. अंगठा जोडणीवर टेकला आणि तिथेच थांबला.

“इकडे ये,” मामा म्हणाले. “बॅटरी घेऊन ये.”

उजेडात ती बराच वेळ वाकून पाहत राहिली.

“मामा, ही खूण…”

“माझीच. चोर घरचाच निघाला.”

तिने जोडणी दाबली. टक्कन आवाज झाला. मामांनी लाल रंगाची बाटली पुढे केली. मग काहीतरी सुचून मागे घेतली.

“तुझा रंग वेगळा हवा.”

तिने पर्समधून जांभळे नेलपेंट काढले आणि लाल ठिपक्याशेजारी एक ठिपका दिला. मामांनी चष्मा सावरून तो नीट पाहिला.

“जरा मोठा झालाय,” ते म्हणाले, आणि तिने गुंडाळलेली तार उलगडायला बसले.